पावावरचा आळ

विरारच्या मनवेलपाड्यात पाव दोन वाटांनी घरात शिरतो. पहिली वाट उजळ माथ्याची. सकाळी सहाच्या आगेमागे सायकल येते, कॅरियरवर निळ्या प्लास्टिकने झाकलेली टोपली, हँडलला रबरी भोंगा. भोंगा वाजला की चारही मजल्यांच्या खिडक्या उघडतात, वरून दोरीला बांधलेल्या पिशव्या खाली येतात आणि "एक लादी, दोन कडक, खारी आजची आहे का, कालची नको हं" अशा सूचना हवेत सुटतात. दुसरी वाट संध्याकाळची. स्टेशनावरून शेअर रिक्षाने आलेला गृहस्थ वाण्याच्या दुकानापाशी उतरतो, पिशवीतली मेथीची जुडी बाहेर काढतो, पावाची पुडी तळाशी सरकवतो, जुडी पुन्हा वर ठेवतो आणि निरागस चेहऱ्याने जिना चढतो. कारण त्याच्या घरी पाव 'बंद' आहे.

हा 'बंद' आमच्याकडे अलीकडे फार पसरलाय. कुणाची साखर वाढली की पाव बंद. कन्येच्या गालावर पुटकुळी उठली की पाव बंद. ठाण्याच्या जावयाने मोबाइलवर कुणा आहारतज्ज्ञाचं बोलणं ऐकलं की विरारच्या सासऱ्यांचा पाव बंद. गुडघे धरले, केस गळले, झोप उडाली, चिडचिड वाढली, तरी पहिलं बोट पावाकडेच. घरात अंगठी सापडेनाशी झाली की आधी मोलकरणीची झडती होते आणि अंगठी संध्याकाळी साबणाच्या डबीत सापडते, तसं पावाचं आहे. फरक एवढाच की साबणाची डबी आम्ही कधी उघडून बघत नाही.

आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचंच घ्या. रिपोर्ट आल्यापासून त्यांनी पाव सोडला. सोडला म्हणजे अगदी निष्ठेने सोडला. पाहुण्यांपुढे मिसळ ठेवताना पावाची बशी दुसऱ्या टोकाला सरकवतात आणि नजरही तिकडे जाऊ देत नाहीत. परवा सकाळी सोसायटीच्या देखभाल खर्चाची पावती द्यायला गेलो, तर काकू चहात टोस्ट बुडवत होत्या. एक झाला, दुसरा झाला. तिसरा चहात तुटला, म्हणून चमच्याने काढून खाल्ला आणि तो धरला नाही.

"काकू, पाव बंद ना?"

"अरे, हा टोस्ट आहे. टोस्ट हलका असतो."

हलका असतोच. वजनाला. टोस्ट म्हणजे गोडसर पावाचे काप करून पुन्हा भट्टीत घातलेले. दुसऱ्यांदा भाजताना त्यातलं पाणी उडतं. मैदा उडत नाही, साखर उडत नाही, तूप म्हणून घातलेलं वनस्पती तर मुळीच उडत नाही. खारीची गोष्ट त्याहून वरची. तिचे ते नाजूक पदर मैद्याच्या प्रत्येक घडीत वनस्पती थापल्याशिवाय सुटतच नाहीत. नानकटाई म्हणजे मैदा, साखर आणि वनस्पती यांचं त्रैराशिक, त्यात पाण्याचीही अडचण नाही. आणि ज्याला आपण कौतुकाने 'बटर' म्हणतो त्या चहात बुडवायच्या टणक गोळ्याचा लोण्याशी संबंध बहुतेक वेळा नावापुरताच. पाववाल्याच्या टोपलीत सगळ्यात कमी तूप आणि सगळ्यात कमी साखर असलेली वस्तू कोणती, तर साधा पाव. मैदा, पाणी, मीठ, यीस्ट, चिमूटभर साखर, कधी वरून तेलाचा हात. आमच्या इमारतीने नेमका तोच बंद केला आणि बाकी टोपली चालू ठेवली.

पाववाल्याला मी एकदा विचारलं, "क्यों भैया, तुम खाते हो क्या पाव?" त्याने टोपली झाकत सांगितलं, "नहीं साब, हमको तो रोटी लगती है. पाव से अपना पेट नहीं भरता." पुरवठादाराचं हे मत काकूंच्या कानावर घालायचं मी टाळलं. उगाच पुरावा म्हणून वापरलं गेलं असतं.

आता पावावर आळ घेण्याची ही खोड आजची नव्हे, आणि वसई तालुक्यात तर ती मातीतच आहे. 1534 च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली, 1739 साली चिमाजीअप्पांनी ती घेतली. मधल्या दोनशे वर्षांत इथे चर्च आली, मठ आले आणि पाव आला. त्या काळाची एक गोष्ट आमच्याकडे प्रत्येक पोराला कुणी ना कुणी सांगतंच. पाद्र्यांनी गावच्या विहिरीत पावाचा तुकडा टाकला, गावाने ते पाणी प्यायलं, आणि सकाळी कळलं की गाव बाटला. इतिहासाच्या कसोटीवर ही गोष्ट कितपत टिकते ते इतिहासवाले बघतील. अख्खा समाज एका तुकड्याने धर्म बदलतो हे मानायला मला तरी जड जातं. पण गोष्टीतल्या पावाची ताकद बघा. एक तुकडा, एक विहीर, अख्खं गाव. आजच्या कुठल्याही विषाच्या बाटलीवर असा दावा छापलेला नाही.

हा प्रयोग मनवेलपाड्यात आज कुणी करायचा म्हटला तर त्याची पंचाईत होईल. पाव मिळेल, विहीर कुठून आणणार? होत्या त्या इमारतींच्या पायात गेल्या. सूर्या धरणाचं पाणी ठरलेल्या वेळी येतं, वेळ कोणी ठरवली ते गुलदस्त्यात असतं, आणि उरलेली तहान टँकर भागवतो. टँकरच्या झाकणातून पाव टाकून बाटवायचं म्हटलं तरी आधी टँकर यायला हवा. सोसायटीच्या ग्रुपवर "पाणी किती वाजता?" या प्रश्नाला उत्तर मिळालं तर धर्मांतराचं पुढे बघता येईल.

गंमत पुढेच आहे. माझा एक सहकारी वसईच्या पश्चिम पट्ट्यातला, ख्रिस्ती, बागायतदार घराण्यातला. विरार फास्टमध्ये आमची ओळख झाली. त्याच्या घरी मी जेवायला गेलो तेव्हा मनात पावाचीच कल्पना होती. त्याच्या आईने पुढे ठेवली तांदळाची भाकरी, गरम, पांढरीशुभ्र, बोंबलाच्या कालवणाबरोबर. म्हणाली, "पाव कशाला रोज? पाव सकाळी चहाला. जेवायला भाकरीच लागते आम्हाला." म्हणजे बघा, ज्यांचे पूर्वज पावाने बाटले अशी आख्यायिका आहे त्यांच्या ताटात भाकरी. आणि ज्यांच्या पूर्वजांनी त्या विहिरीचं पाणी शिवलं नाही ते रोज सकाळी विरार स्टेशनच्या बाहेर वडापावाच्या गाडीला गराडा घालून उभे.

वसईच कशाला, मुंबई-पुण्यानेही पावाला सुखाने जगू दिलं नाही. 1849 च्या सुमारास मुंबईत दादोबा पांडुरंग आणि मंडळींनी जातिभेद मोडायला परमहंस सभा काढली. सभा गुप्त. आत प्रवेश हवा तर ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाऊन दाखवावा लागे. आज पतसंस्थेचं सभासद व्हायला दोन फोटो आणि आधार कार्डाची प्रत लागते, त्या वेळी समाजसुधारक व्हायला पावाचा एक घास पुरे होता. आणि तो घास घेताना भल्या भल्या विद्वानांच्या घशाला कोरड पडत असणार. 1860 साली सभेची कागदपत्रं चोरीला गेली, नावं फुटणार हे दिसताच सभा विस्कटली. पाव खाल्ला याचं भय नव्हतं, पाव खाल्ल्याचं कळेल याचं भय होतं. मेथीच्या जुडीखाली पाव दडवणारा आमचा गृहस्थ या परंपरेचा थेट वारस आहे हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

पुढे ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने जमलेल्या मंडळींपुढे चहा आणि बिस्किटं आली. बिस्किट हे पावाचं धाकटं भावंडच. मंडळी साधीसुधी नव्हती, त्यांत टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. काहींनी चहा घेतला, काहींनी यजमानांचा मान राखायला नुसता स्पर्श केला. गोपाळराव जोशांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, ही नावं 'पुणे वैभव' पत्रात प्रसिद्ध करवली आणि पुण्यात वणवा पेटला. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशी बसली, प्रायश्चित्तांची चर्चा वर्षानुवर्षं चालली. गोपाळराव जोशी आज असते तर सोसायटीच्या ग्रुपचे अ‍ॅडमिन असते याबद्दल मला शंका नाही.

या सगळ्यानंतर पावाचे थोडे बरे दिवस आले. इतके बरे की तो थेट औषध झाला. माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, ताप आला की घरात काय यायचं? डबलरोटी. डॉक्टर नाडी बघून सांगायचे, "भात नको, तळलेलं नको, दूध-पाव द्या." सरकारी इस्पितळात सकाळी खाटेशी पावाच्या स्लाइस आणि दूध यायचं, आणि भेटायला आलेली मावशी रुग्णासाठी पावाचं पाकीट घेऊन यायची. भाकरी पचायला जड, पाव पचायला हलका, हे त्या काळचं वैद्यकीय ज्ञान. आजारपणाची लाच म्हणून आम्ही पाव खाल्ला आणि त्या लाचेसाठी कधीकधी तापही आणला.

सरकारही पावाच्या बाजूने होतं. 1965 साली केंद्र सरकारने मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली आणि जीवनसत्त्वं घातलेला पाव कारखान्यातून देशभर विकला. धान्याच्या टंचाईचे दिवस होते ते. सरकार स्वतः पाव भाजत होतं, हे आजच्या पिढीला सांगितलं तर त्यांना मी गंमत करतोय असं वाटतं. 2000 साली सरकारने ही कंपनी हिंदुस्तान लिव्हरला विकून टाकली. नंतर सरकारने पाव भाजणं सोडलं आणि नातेवाइकांनी पावावर फॉरवर्ड पाठवणं सुरू केलं.

फॉरवर्डांतला खटला मोठा मनोरंजक असतो. कलम पहिलं: मैदा आतड्यांना चिकटतो. याचा पुरावा म्हणून पोस्टर चिकटवायची खळ दाखवतात. खळ मैद्याचीच असते, कबूल. पण भिंतीला पाचक रस सुटत नाहीत हे कुणी लक्षात घेत नाही. भाजलेला मैदा लहान आतड्यात पोहोचला की त्यातल्या पिष्टाची साखर होऊन तो रक्तात जातो. चिकटून राहिला असता तर साखर वाढली नसती आणि काकू सुखी असत्या. मैद्याची खरी तक्रार नेमकी उलटी आहे: तो थांबत नाही, फार झपाट्याने जातो.

कलम दुसरं: मैदा पांढरा करताना त्यात 'अ‍ॅलोक्सन' येतं आणि त्याने मधुमेह होतो. प्रयोगशाळेत उंदरांना मधुमेह करायला अ‍ॅलोक्सन वापरतात हे खरं. पण तिथे ते सुईने आणि मोजून दिलं जातं, मिसळीबरोबर नव्हे. कलम तिसरं: यीस्ट म्हणजे किडे, तेव्हा पाव मांसाहारी. हे कलम आमच्या एका शेजाऱ्यांनी मला रविवारी सकाळी इडली खाताना ऐकवलं. इडलीचं पीठ रात्रभर कुणाच्या कृपेने फुगलं हा प्रश्न मी सांबारात बुडवून टाकला. शिल्लक कलम पायाने पीठ मळण्याचं. त्यावर एवढंच म्हणतो की बेकरीत पीठ मळायला यंत्र आहे, आणि ज्यांना हे कलम फार महत्त्वाचं वाटतं त्यांनी उसाच्या रसाचं गुऱ्हाळ एकदा आतून बघून यावं.

हे सगळं झटकून टाकलं म्हणजे पाव निर्दोष सुटला असं नाही. त्याच्यावरचे काही आळ खरे आहेत, फक्त ते फॉरवर्डमध्ये येत नाहीत कारण त्यांना लाल अक्षरं आणि कवटीचं चित्र शोभत नाही. पहिला चोथ्याचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली भारतीय पदार्थांचे जे तक्ते छापले त्यात 100 ग्रॅम गव्हाच्या कणकेत 11 ग्रॅमच्या वर चोथा आहे, तेवढ्याच मैद्यात 3 ग्रॅमसुद्धा नाही. गव्हाचा कोंडा आणि अंकुर काढून उरलेला पांढरा गाभा म्हणजे मैदा. मग पोट साफ होत नाही म्हणून आपण रात्री इसबगोल घेतो. गिरणीत काढलेला चोथा वेगळ्या डबीत, वेगळ्या भावाने, वेगळ्या दुकानातून परत विकत घेण्याची ही सोय मला फार आवडते. दोन धंदे चालतात.

दुसरा आळ साखरेचा. 1981 साली टोरांटोत डेव्हिड जेनकिन्स आणि सहकाऱ्यांनी कुठला पदार्थ रक्तातली साखर किती वेगाने चढवतो याचा निर्देशांक मांडला, ग्लायसेमिक इंडेक्स. ग्लुकोज 100 धरलं तर पांढरा पाव सत्तर-पंचाहत्तरच्या घरात जातो. काही तक्त्यांत तर पांढऱ्या पावालाच 100 धरून बाकीचे पदार्थ मोजतात, म्हणजे आरोपीलाच मापाचं वजन करून टाकलं. 2023 साली आयसीएमआरच्या पाहणीत देशात 10 कोटींहून जास्त मधुमेही निघाले, तेव्हा ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण त्याच तक्त्यात बोट थोडं खाली सरकवा. पॉलिश केलेला पांढरा भात पावाच्या शेजारीच बसलेला दिसतो. आणि साबुदाणा? तो तर निव्वळ पिष्ट, चोथा औषधालाही नाही. आमच्या काकू एकादशीला पावाकडे ढुंकून बघत नाहीत आणि साबुदाण्याच्या खिचडीची दुसरी वाटी घेतात. खिचडीला पुण्याचं संरक्षण आहे. त्या दिवशी ग्लुकोमीटरलाही उपास असतो.

तिसरा आळ मधूनमधून खरा ठरतो, तो भेसळीचा नव्हे, घातलेल्या रसायनांचा. 2016 साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने दिल्लीतल्या 38 ब्रेड, पाव, बन वगैरेंची तपासणी केली, आणि 84 टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट सापडलं. पाव फुगीर आणि मऊ व्हावा म्हणून ते पिठात घालत. कर्करोगाशी संबंध असू शकेल अशा पदार्थांच्या यादीत ब्रोमेट आधीपासून होतं, पुष्कळ देशांत त्याला बंदीही होती. महिन्याभरात आपल्याकडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ते परवानगीच्या यादीतून काढलं. तपासणीची बातमी आली त्या आठवड्यात मनवेलपाड्यात पाववाल्याचा भोंगा वाजून वाजून थकला होता. पुढच्या आठवड्यात पावसाळी हवा झाली, कुणीतरी भजी तळली आणि लोकांना पाव आठवला.

आणि मग ब्राउन ब्रेड. पांढरा पाव सोडलेला सुशिक्षित माणूस सरळ ब्राउन ब्रेडच्या आश्रयाला जातो, जास्तीचे पैसे देतो आणि रंग बघून समाधान पावतो. मी दुकानात उभ्या उभ्या पाकिटाची मागची बाजू वाचतो, त्यामुळे दुकानदार मला अन्न निरीक्षक समजतो की काय कोण जाणे, वागतो मात्र नीट. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायची असा नियम आहे. पुष्कळ 'ब्राउन' पाकिटांवर पहिलं नाव मैद्याचं, कणीक मागून, आणि आणखी खाली 150 क्रमांकाने सुरू होणारा रंग, म्हणजे कॅरॅमल. जळक्या साखरेने पाव सावळा केलेला असतो. सावळ्या रंगावर एवढा भाबडा विश्वास आपण फक्त विठोबावर ठेवतो. पाकिटावर 282 दिसलं तर ते कॅल्शियम प्रोपिओनेट, बुरशी लागू नये म्हणून. म्हणूनच पाकिटाचा पाव आठवडाभर ताजातवाना दिसतो आणि बेकरीच्या लादीला विरारच्या पावसाळ्यात तिसऱ्या दिवशी हिरवी दाढी फुटते. ब्राझीलच्या कार्लोस मोंतेरोंनी 2009 पासून पदार्थांची जी वर्गवारी रूढ केली तिच्यात कारखान्यातला पाकीटबंद ब्रेड अतिप्रक्रिया झालेल्या गटात आहे, आणि पीठ-पाणी-मीठ-यीस्टचा बेकरीतला ताजा पाव त्याच्या एक पायरी अलीकडे. म्हणजे दाढी फुटणारा पाव त्यातल्या त्यात सज्जन. आमच्या घरी मात्र बुरशी दिसली की बेकरीवाल्याचा उद्धार होतो आणि आठवडाभर टिकणाऱ्या पाकिटाला दर्जेदार म्हणतात.

कोर्टाची पायरीही पाव चढून आलाय. 2020 मध्ये आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने सबवेच्या सँडविचचा पाव करसवलतीपुरता 'पाव' नाही असं ठरवलं. कायद्यात पिठाच्या 2 टक्क्यांपर्यंत साखर चालत होती, यात 10 टक्के निघाली. तीच कसोटी आमच्या गोड बन-मस्क्याला लावली तर त्याचं काय होईल याचा विचार करवत नाही. इकडे जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा विजेवर जायला सांगितलं. तिथे प्रश्न खाणाऱ्याच्या पोटाचा नव्हता, श्वास घेणाऱ्याच्या छातीचा होता. बातमी आमच्या ग्रुपवर आली ती अशी: "पावावर बंदी! कोर्टाचा मोठा निर्णय!!" आठ जणांनी हात जोडले, तिघांनी "वेळेवर झालं" असं लिहिलं. बातमी कुणी उघडली नाही.

मला विचाराल तर पावाचा खरा गुन्हा त्याच्या संगतीत आहे. तो एकटा कधी सापडतच नाही. भाजीपाव म्हटला की लोण्याच्या थारोळ्यात, मिसळपाव म्हटला की तर्री आणि फरसाणाच्या टोळीत, चहापाव म्हटला की चार चमचे साखरेच्या चहात. पावभाजीच्या तव्यावर पाव आधी लोण्यात पालथा, मग उताणा भाजला जातो आणि घरी येऊन माणूस बायकोला सांगतो, "आज पाव जास्त झाला." लोणी जास्त झालं असं म्हणणारा नवरा मी अजून पाहिला नाही. हाच पाव मटकीच्या उसळीबरोबर, दोन उकडलेल्या अंड्यांबरोबर, डाळीबरोबर खाल्ला तर साखर चढायचा वेगही कमी होतो आणि पोटही धरतं. पण उसळ-पावाला कुणी रांग लावत नाही.

शिवाय पावाला वेळेचा आधार आहे. विरारहून चर्चगेट सुमारे 60 किलोमीटर. पाच-सव्वापाचला उठलेली बाई डबा भरते, पाणी भरते, मुलांच्या बाटल्या भरते, आणि भाकरी थापायची तर तवा तापेपर्यंत गाडी नालासोपाऱ्याला पोहोचलेली असते. उभ्याने, एका हाताने, दुसऱ्या हाताने दांडी धरून, कुणाच्या पाठीवर सांडल्याशिवाय जे खाता येतं ते अन्न म्हणजे पाव. पोळी-भाजीला दोन हात आणि बूड टेकायला जागा लागते, आणि विरार लोकलमध्ये यातलं काहीच मिळत नाही. 1966 च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी वडा पावात घातला तेव्हा त्यांनी नुसता पदार्थ केला नाही, लोकलच्या गर्दीला बसेल असं ताट केलं. ज्यांना घरातून निघताना बसून न्याहारी करता येते त्यांनी मैद्यावर भाषण करावं. बाकीच्यांनी गाडी पकडावी.

आमचे इथले डॉक्टर मात्र या वादात कधी पडत नाहीत. गेल्या महिन्यात दवाखान्यात बसलो होतो, आमच्या योगावाल्या काकांचा नंबर माझ्या आधी. पडदा पातळ, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"डॉक्टर, पाव पूर्ण बंद केलाय मी."

"चांगलं. रोज किती खात होतात?"

"दोन. कधी तीन."

"बरं. आणि बाकी?"

"बाकी काय, रोजचंच. चहा."

"किती?"

"सहा-सात. पण अर्धाच कप."

"साखर?"

"ती लागतेच की."

डॉक्टर काहीतरी लिहीत राहिले. मग म्हणाले, "काका, मी सांगू का? पाव एक खा, भाजीबरोबर खा, चहा दोन करा, आणि बाहेरचं तळलेलं सोडा."

"पाव खाऊ म्हणता?" काकांच्या आवाजात दुखावल्याचा सूर होता. एवढा मोठा त्याग केला आणि कुणी कौतुकच करेना.

माझं काम आटपून मी खाली उतरलो, तर दवाखान्याच्या जिन्याशीच असलेल्या गाडीवर काका उभे. कढईत वडे तरंगत होते, मिरच्या तळल्या जात होत्या, लसणीची चटणी ओसंडत होती.

"एक वडापाव," काका म्हणाले. "पण पाव नको."

गाडीवाल्याने मान वर केली. "पाव नको?"

"डॉक्टरांनी बंद केलाय."

गाडीवाल्याने कागदात वडा ठेवला, त्यावर तिखट चटणी, बाजूला तळलेली मिरची. "पैसे तेवढेच हं काका. पाव नाही घेतला तरी."

काकांनी कागदातल्या वड्याकडे बघितलं, मग कढईकडे.

"मग असं कर," ते म्हणाले, "पावाच्या जागी अजून एक वडा दे."